तीनच वॉशर

मार्गशीर्षातली थंडी पडली की आमची दुधाची पिकअप रुसायची. सेल्फ नुसता फिरायचा, पांढरा धूर यायचा, पण इंजिन काही चालू व्हायचं नाही. हीटर प्लग गेले होते. शिवाय एका नोझलच्या बुडाशी फुसफुस आवाज आणि काळी काजळी. एका रविवारी दुपारी ह्यांनी अंगणातच काम काढलं.

आधी इंजिन तापवून प्लग हळूहळू सोडवले. थंड इंजिनावर जोर लावला तर प्लग हेडातच तुटतो. मग नोझल. प्रत्येकाच्या तळाला तांब्याचा वॉशर. एकदा दाबलेला वॉशर पुन्हा घालायचा नसतो. जुने निघतील तसे मी वाटीत टाकत होते.

सगळं बसवून झालं आणि मी वाटी बघितली. नोझल चार, वॉशर तीन.

“अहो, एक कमी आहे.”

“पडला असेल कुठंतरी. दिवस मावळतोय, जेवायचं नाही का?”

आमच्यात सूर्यास्तानंतर जेवण नाही. गप्प बसले असते तर दोघंही वेळेत जेवलो असतो.

“खोलाच,” म्हटलं.

फुसफुसणारं नोझल पुन्हा काढलं. बॅटरीच्या उजेडात दिसलं, जुना वॉशर काजळीत तळाशी चिकटून बसलेला आणि नवा त्याच्यावरच! गळती तशीच राहिली असती.

ताटं झाकलेलीच राहिली. पहाटे चारला गाडी एका किल्लीत चालू झाली. हे काही बोलले नाहीत. पण आता बॉनेट उघडायच्या आधी विचारतात, “अगं, वाटी कुठाय?”