आवाज पंख्याचा, दोष उष्णतेचा

पनवेलजवळच्या करंजाड्यात सिडकोच्या भूखंडांवर ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतली बहुतेक घरं आटोपशीर आहेत. आमचंही तसंच. एक हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर. गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवायचं ठरलं तेव्हा भलामोठा कॅबिनेट ठेवायला जागाच नव्हती, म्हणून लहान केस घेतली. आत 17 सेंटिमीटर लांब-रुंद असा मिनी आयटीएक्स मदरबोर्ड, त्यावर आठ कोअरचा रायझन 7 7700एक्स प्रोसेसर आणि मधल्या पत्र्याच्या पलीकडे आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड. सगळी केस मिळून 10 लिटर, म्हणजे आंघोळीच्या बादलीत अर्ध्यावर मावेल एवढी.

या एवढ्याशा जागेत काय चाललेलं असतं ते आकड्यांत सांगतो. हा प्रोसेसर मूळ सेटिंगवर 142 वॅटपर्यंत वीज ओढू शकतो आणि कार्ड 115 वॅट. दोन्ही जोरात चालली तर अडीचशे वॅटच्या वर गेलं. कॉम्प्युटर ओढतो ती जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. शिवाय प्रोसेसरची बहुतेक उष्णता सुमारे 70 चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या एका तुकड्यातून बाहेर पडते. त्या तुकड्यावरून ती तांब्यात, तांब्याच्या नळ्यांमधून ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये आणि पात्यांवरून हवेत जायला हवी. केस लहान म्हणून कूलरही बुटका, आणि कूलर बुटका म्हणून पंखाही सपाट, 120 मिलिमीटर व्यासाचा. ही वाट अरुंद झाली की तिची भरपाई पंख्याच्या वेगाने करावी लागते. आवाज येतो तो तिथून.

मे महिन्यात करंजाड्यात रात्री दहा वाजताही आमच्या खोलीत पारा 33 अंशांवर असतो. खाडीच्या बाजूने दमट हवा येते आणि भिंती दिवसभराचं ऊन सोडत बसतात. प्रोसेसरचं तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर चढतं. तेवढ्याच वॅटला थंड खोलीत जेवढं दिसेल त्यापेक्षा उकाड्यात सात-आठ अंश जास्त दिसणार, हे गृहीत धरूनच चालावं लागतं. गेम सुरू केला की आकडा 95 वर जाऊन थांबायचा. हा प्रोसेसर 95 अंशांपर्यंत चालावा अशीच त्याची रचना आहे आणि तिथे पोचल्यावर तो आपणहून वेग कमी करतो, त्यामुळे बिघाडाची भीती नव्हती. भीती होती आवाजाची. पंखा मिनिटाला 1,850 फेऱ्यांपर्यंत जाऊन घोंघावायचा.

बाबा हॉलमध्ये झोपतात. त्यांची सगळी नोकरी न्हावा-शेव्याच्या बंदरात पाळ्यांमध्ये गेली, यंत्रांच्या आवाजात झोपायची त्यांना सवय आहे. तरी एका सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "अरे, एकसारखं वाजत राहिलं ना, तर झोप लागते. तुझं ते वर-खाली होतं, त्यानं जाग येते."

बाबांच्या या एका वाक्याने कामाची दिशा ठरली. आवाज किती, हा एक प्रश्न आणि तो किती वेळा बदलतो, हा दुसरा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. माझा कॉम्प्युटर काही रस्त्यावरचा भोंगा नव्हे. पण बंद खोलीत, रात्रीच्या शांततेत त्याहून हलका आवाजही झोपलेल्या माणसापर्यंत पोचतो, आणि त्यात चढउतार असेल तर तो कानाला टोचतो.

दुकानदाराचं म्हणणं होतं, मोठा कूलर लावा, नाहीतर पाण्याचा. माझ्या केसमध्ये दोन्ही बसत नव्हते. आणि पाण्याचा कूलर बसला असता तरी 142 वॅट ते 142 वॅटच राहिले असते, खोली तेवढीच तापली असती. म्हणून नवी वस्तू घेण्याआधी हवा कुठून येते आणि कुठे जाते, ते डोळ्यांनी पाहायचं ठरवलं.

त्यासाठी उदबत्ती लावली. कॉम्प्युटर गेमवर तापू दिला, खोलीतला पंखा बंद केला आणि उदबत्ती केसच्या जाळीपासून बोटभर अंतरावर धरून चहूबाजूंनी फिरवली. राख आत जाऊ नये म्हणून खाली वाटी धरली होती. प्रोसेसरच्या बाजूच्या जाळीपाशी धूर आत ओढला जात होता, तो जायलाच हवा होता. वरच्या जाळीतून धूर बाहेर फेकला जात होता, तेही बरोबर होतं. पण वर गेलेला धूर टेबलावरच्या फळीला आपटत होता, भिंतीच्या कडेने खाली वळत होता आणि त्याच प्रोसेसरच्या जाळीतून पुन्हा आत जात होता. म्हणजे पंखा जी हवा आत घेत होता ती खोलीतली 33 अंशांची नव्हतीच, नुकतीच तापून बाहेर पडलेली होती.

केस फळीखालून बाहेर काढली, भिंतीपासून वीतभर पुढे सरकवली आणि प्रोसेसरची बाजू भिंतीकडे होती ती फिरवून खोलीकडे केली. एवढ्यानेच पाच-सहा अंश उतरले. मग केस उघडली. कूलरचा पंखा आणि बाजूची जाळी यांच्यात दोनेक सेंटिमीटर फट होती, आणि त्या फटीतून पंखा केसमधलीच गरम हवा ओढत होता. दारं-खिडक्या घट्ट बसाव्यात म्हणून फोमची चिकटपट्टी लावतात, ती पनवेलच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती पंख्याच्या चौकटीभोवती जाळीला टेकेल अशी लावली. आता पंख्याला बाहेरचीच हवा घ्यावी लागते. पट्टी लावताना ती पंख्याच्या पात्यांना लागत नाही ना, हे बोटाने पंखा फिरवून पाहावं.

हवेची वाट मोकळी झाल्यावर मुळाशी गेलो, म्हणजे उष्णता तयारच कमी करायची. प्रोसेसर जी वीज खातो ती त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात. वेग आणि व्होल्टेज दोन्ही दहा टक्क्यांनी उतरले की वीज सुमारे 27 टक्क्यांनी कमी होते. वेगाच्या शेवटच्या पायऱ्या चढायला प्रोसेसर व्होल्टेज फार वाढवतो, त्यामुळे सगळ्यात महाग वॅट हे शेवटचे असतात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एएमडीने इको मोड दिलेला आहे. त्यातला 65 वॅटचा पर्याय निवडला की या प्रोसेसरची प्रत्यक्ष मर्यादा 142 वरून 88 वॅटवर येते. त्यासोबत कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगमध्ये सगळ्या कोअरना उणे 20 दिलं, म्हणजे व्होल्टेज वीस पायऱ्या खाली आणलं. यातली एक पायरी साधारण तीन ते पाच मिलिव्होल्टची असते. इथे घाई चालत नाही. प्रत्येक चिप वेगळी असते, शेजाऱ्याला मानवलेला आकडा आपल्याला मानवेलच असं नाही. आणि व्होल्टेज कमी पडल्याची गडबड पूर्ण भारावर दिसेलच असंही नाही, कधीकधी ती कॉम्प्युटर निवांत असतानाच दिसते. म्हणून एकेक कोअर तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवून मगच आकडा कायम केला.

फरक असा पडला. सिनेबेंच चाचणीत सगळे कोअर जुंपल्यावर तापमान 95 वरून 80 च्या आसपास आलं, तेही 33 अंशांच्या खोलीत. गुण चार टक्क्यांनी घटले. गेममध्ये मला काहीच फरक जाणवला नाही, कारण बहुतेक गेम आठही कोअर एकाच वेळी पूर्ण ताणत नाहीत. कार्डाचंही व्होल्टेज थोडं उतरवलं आणि मॉनिटर 144 हर्ट्झचा असला तरी रात्री खेळताना एफपीएसची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची, मर्यादा 90 ठेवली. गोष्ट सांगणाऱ्या गेममध्ये 90 पुरतात. त्याच्या वरची प्रत्येक फ्रेम काढायला वीज लागते आणि ती वीज पुन्हा त्याच 10 लिटरमध्ये उष्णता होते.

एवढं झाल्यावर पंख्याला हात लावला. पंख्याचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो, म्हणून वेग निम्मा केला तर आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. माझा पंखा 1,850 वरून 1,100 फेऱ्यांवर आला. गणिताने हा फरक 11 डेसिबलचा होतो, आणि 10 डेसिबलचा उतार कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. 1,100 फेऱ्यांना कूलरला तेवढी हवा पुरते, कारण आता त्याच्यावर 142 नाही, 88 वॅटचा भार आहे.

राहिला बाबांनी सांगितलेला चढउतार. सिलिकॉनचा तुकडा इतका लहान आहे की ब्राउजर उघडला तरी सेकंदभरात तापमान वीस अंश उसळतं आणि लगेच खाली येतं. कूलरचा धातू मात्र तेवढ्यात तापतही नाही. पंखा या उसळीमागे धावत होता, काही गरज नसताना. बायोसमधल्या फॅन कर्व्हमध्ये, म्हणजे तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणाऱ्या रेघेत, दोन बदल केले. तापमान वाढलं तरी काही सेकंद थांबूनच पंख्याने वेग बदलावा, हा एक. आणि 50 ते 75 अंशांच्या मध्ये रेघ जवळजवळ आडवी ठेवली, हा दुसरा. 85 च्या पुढे ती उभी चढते, सुरक्षेसाठी ते हवंच. आता तासभर खेळलं तरी सुरुवातीला जो सूर लागतो तोच शेवटपर्यंत राहतो. बाबांनी त्यानंतर आवाजाचा विषय काढलेला नाही.

करंजाड्यात राहून हा कॉम्प्युटर शांत ठेवायचा तर धुळीशी कायमचा सामना आहे. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली, पण आजूबाजूची बांधकामं आणि डंपरची ये-जा थांबलेली नाही. कोरडी धूळ फुंकरीने उडते. दमट हवेत तीच धूळ कूलरच्या पात्यांना चिकटते आणि पंख्याखाली, पात्यांच्या तोंडाशी राखाडी थर धरते. वरून जाळी स्वच्छ दिसते, पंखा काढल्यावरच तो थर कळतो. मऊ ब्रशने तो सोडवायचा आणि मग ब्लोअर मारायचा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर हवेच्या झोताने पंखा भरमसाट फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. जाळीवर चुंबकाने चिकटणारा फिल्टर लावला आहे. तो दर महिन्याला धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवतो. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, म्हणून जोडीचा दुसरा फिल्टर ठेवला आहे.

उष्णतेचा हा प्रश्न काही फक्त माझ्या टेबलावरचा नाही. पनवेलच्याच हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत 2020 मध्ये योट्टा कंपनीचं एनएम1 हे डेटा सेंटर सुरू झालं. तिथे हजारो रॅक एका छपराखाली आहेत आणि सर्व्हर चालवण्याइतकंच ते थंड ठेवणं हेही मोठं काम आहे. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म या महासंगणकात प्रोसेसरवरची उष्णता थेट द्रव फिरवून काढून नेतात. साधनं वेगळी आहेत, क्रम मात्र तोच. उष्णता कमी निर्माण करा, तिला सरळ वाट द्या, आणि उरलेल्या कामापुरताच पंखा फिरवा.

लहान घरात लहान कॉम्प्युटर ठेवणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे. नवा कूलर मागवण्याआधी उदबत्ती लावून हवेची वाट बघा, बायोसमध्ये जाऊन वॅट उतरवा, फॅन कर्व्ह आडवा करा. माझा सगळा खर्च फोमची पट्टी, फिल्टरची जोडी आणि ब्रश एवढाच झाला. चार टक्के वेग गेला, त्याच्या बदल्यात घरातल्या माणसांची झोप परत आली. हा सौदा कुणीही डोळे मिटून करावा.