नाडीपरीक्षा

मनगटात ठोके देणाऱ्या धमनीस आणि पायजमा कमरेवर राखणाऱ्या दोरीस आमच्या मराठी भाषेने एकच नाव द्यावे, याचे आम्हास पुष्कळ दिवस नवल वाटत असे. वैद्याने पहावयाची तीही नाडी, आणि सुटू नये म्हणून गाठ मारावयाची तीही नाडी! परंतु कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोच्या विद्यापीठात जोसेफ वांग व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली केलेला प्रयोग वाचल्यापासून भाषेची ही काटकसर आम्हास केवळ दूरदृष्टीची वाटू लागली आहे. त्यांनी अंतर्वस्त्राच्या कमरेच्या लवचीक पट्टीवर कार्बनच्या शाईने विद्युदग्र छापले. कापडावर वेलबुट्टी उठवितात तसेच, जाळीतून. पट्टी अंगास घट्ट बसते, त्वचेस सदैव टेकून असते. अंगातील रसायनांची चौकशी करावयास याहून सोयीचे ठिकाण ते कोणते?

या विद्येचे मूळ जुने आहे. विद्युदग्रावर विकर बसवून साखर मोजण्याची कल्पना लेलंड क्लार्क यांनी १९६२ साली मांडली. विकर मोठे एकनिष्ठ असते. ग्लुकोज ऑक्सिडेज हे ग्लुकोजखेरीज इतर शर्करांची फारशी दखल घेत नाही. दोघांची गाठ पडली की हायड्रोजन पेरॉक्साइड निपजते, आणि त्यापासून मिळणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजला म्हणजे साखरेचा अंदाज येतो. २०१६ साली बर्कलीच्या संशोधकांनी तर मनगटी पट्ट्यात ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम व पोटॅशियम यांची मोजदाद घामातून एकाच वेळी करून दाखविली.

घामातून! येथेच आमच्यासारख्यांची अडचण होते. खुर्चीत बसून व्याख्याने देणाऱ्या माणसास घाम यावा कसा? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले म्हणजे थोडासा येतो, एवढेच. शिवाय घामातील ग्लुकोज रक्तातल्याच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतके. घाम कमी आला की अधिक आला, त्वचेवर आधीचे काय साचले होते, यांनीही आकडा हलतो. रोज सकाळी बोटास सुई टोचून घेणारे आम्ही या विषयात थोडे अधिकारवाणीने बोलू शकतो: त्या सुईपासून आमची सुटका सदरा इतक्यात करील असे दिसत नाही. आणि परटाचे काय? विकर हे प्रथिन. कढत पाणी आणि साबण यांच्यापुढे त्याचा टिकाव लागणे कठीण. ज्या सदऱ्यास धुता येत नाही, तो कितीही विद्वान असला तरी आमच्या घरात दुसऱ्या दिवशी त्यास थारा मिळावयाचा नाही.

तरीही असा सदरा असता तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही. आमच्या वडिलांचा मधुमेह आम्हास कळला तो त्यांच्या पायाची जखम दोन महिने भरेना तेव्हा. त्यांस स्वतःस तो पाच वर्षे ठाऊक होता. ते शाळामास्तर होते. ही गोष्ट बाहेर फुटली तर पेन्शनीपूर्वीच आपणास घरी बसवितील, ही धास्ती त्यांस होती, आणि ती अगदीच निराधार होती असे आम्हास आजही म्हणवत नाही. ते चहात साखर घेत नसत, तर आम्ही त्यास त्यांचा साधेपणा समजत असू. सदरा बोलता तर त्यांचा पाय वाचता. पण तो बोलता कोणाशी? त्यांच्याशी, आमच्याशी, की हेडमास्तरांशी? वस्त्र ही वस्तू मनुष्याने मुळी झाकण्यासाठी निर्माण केली, आणि तेच आता आतली बातमी बाहेर पोहोचविणार! ती बातमी प्रथम कोणाच्या हाती पडावी हे ठरविण्याचा अधिकार सदरा अंगात घालणाराचा असला पाहिजे, एवढे आम्ही निश्चयाने म्हणू; आणि तो तसा राहीलच, अशी खात्री मात्र आम्हास शिंप्याकडून मिळालेली नाही.

आम्ही तो सदरा आणून वडिलांपुढे ठेवला असता तर त्यांनी आमच्या समाधानाखातर एकदा तो अंगात घातला असता. मग काढून, नीट घडी करून, ट्रंकेच्या तळाशी ठेवला असता, आणि वर दोन डांबराच्या गोळ्या टाकल्या असत्या.