वहिनींच्या फोनमधले कीवर्ड

देवगड तालुक्यात कुणकेश्वरच्या बाजूला माझ्या मावसभावाची हापूसची बाग आहे. पूर्वी त्याच्या सगळ्या पेट्या वाशीला दलालाकडे जायच्या. थेट गिऱ्हाईक जोडायचं म्हणून त्याने वेबसाइट करून घेतली आणि घरात कॉम्प्युटरवर बसणारा मी एकटाच, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. साइट दिसायला झकास होती, पण तिच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. ज्याने ती बनवली त्याने पानाच्या आतल्या कोडमध्ये 'बेस्ट मँगो, फ्रेश मँगो, प्रीमियम मँगो' अशी लांबलचक माळ भरून ठेवली होती. या कीवर्ड टॅगला क्रमवारी लावताना आपण विचारात घेत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. तरी माळा ओवणं चालूच आहे.

कीवर्ड शोधून देणारी सॉफ्टवेअरं डॉलरमध्ये महिन्याचं भाडं मागतात. आंब्याचा धंदा जेमतेम तीन महिन्यांचा, त्याला हा खर्च कुठला परवडायला! शिवाय त्यांची फुकटातली झलक बघितली, तर मराठी शब्दांपुढे बहुतेक ठिकाणी शून्यच. हे रडगाणं मी वहिनींना ऐकवलं. ऑर्डरींचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच सांभाळतात. त्या म्हणाल्या, "भावजी, लोका काय इचारतत ता माका इचारा मगे. तो गूगल काय सांगतलो?"

मागच्या हंगामातलं त्यांचं सगळं चॅट मी वाचून काढलं. 'प्रीमियम' हा शब्द एकाही गिऱ्हाइकाने वापरला नव्हता. 'पेटी किती डझनाची?' 'कच्चा पाठवणार की पिकलेला?' 'कार्बाइडचा नाही ना?' 'कोथरूडला घरपोच द्याल का?' आणि पुन्हा पुन्हा येणारा एक प्रश्न : 'आंबा वरून चांगला होता, कापला तर आत पांढरा, असं का?' बागायतदार याला साका म्हणतो. वरून फळ कितीही निरखा, कापेपर्यंत पत्ता लागत नाही. पण पुण्या-मुंबईच्या माणसाला हा शब्दच ठाऊक नसतो, तो 'आंबा आतून पांढरा' असंच शोधणार. आमच्या साइटवर ना साका होता, ना आतून पांढरा. होती ती नुसती बागेची वर्णनं.

वहिनींच्या चॅटमधून निघालेली वाक्यं वहीत उतरवली आणि मग गूगल उघडलं, तेही इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे आपल्याच जुन्या शोधांची सावली पडत नाही. 'देवगड हापूस' एवढं लिहायचं आणि एंटर न दाबता थांबायचं. खाली ज्या सूचना येतात त्या मुख्यतः लोकांनी खरोखर केलेल्या शोधांवरून येतात. पुढे एक जागा सोडून एकेक अक्षर घालून बघायचं : 'क', 'प', 'भ'. प्रत्येक अक्षराला वेगळी यादी. मग कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेऊन 'ओरिजिनल' लिहायचं. हेच सगळं पुन्हा इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत करायचं, कारण फोनवर निम्मी मंडळी 'हापूस' इंग्रजी अक्षरांतच लिहितात आणि तिथल्या सूचना वेगळ्या असतात. निकालांच्या मधोमध लोकांच्या प्रश्नांचा एक चौकोन येतो. त्यातला एक प्रश्न उघडला की खाली आणखी प्रश्न उगवतात. हे काम कंटाळवाणं आहे. चहा घेऊन बसावं.

आंबा पिकवण्याच्या यूट्यूब व्हिडिओंखालच्या प्रतिक्रियाही वाचल्या. 'पेंढा नसेल तर वर्तमानपत्र चालेल का' हा प्रश्न मला एरवी कधीच सुचला नसता.

यादी लांबली की छाटणी करायची. माझी कसोटी साधी होती. वाक्य वहिनींच्या फोनमध्येही आहे आणि गूगलच्या सूचनांतही आहे, तर ते ठेवायचं. मग ते स्वतः शोधून पहिल्या पानावर कोण बसलंय ते बघायचं. 'हापूस आंबा ऑनलाइन'ला सगळी मोठी दुकानं. तिथे आमच्यासारख्याने डोकं आपटण्यात अर्थ नाही. 'आंबा आतून पांढरा का'ला मात्र कोणी मन लावून उत्तर दिलेलं नव्हतं. ती जागा आम्ही घेतली.

पुढचं काम सर्च कन्सोलने केलं. त्याला अवजार म्हणायचं तर म्हणा, पण ते गूगलचं स्वतःचं आहे आणि फुकट आहे. आपली साइट कुठल्या शोधात दिसली, कितीदा दिसली, कोणी क्लिक केलं का, हे १६ महिन्यांपर्यंत मागचं दाखवतं. 'रत्नागिरी आणि देवगड हापूस फरक' या शोधात आम्ही दिसत होतो, पण क्लिक होत नव्हतं. म्हणून त्यावर वेगळं पान लिहिलं. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांना मिळून, हेही त्यात सांगितलं. 'देवगडचाच खरा' असं छातीठोक लिहावं, हा भावाचा आग्रह मी मोडून काढला.

आज साइटवर सगळ्यांत जास्त वाचलं जाणारं पान साक्याचं आहे, आणि तक्रार आली की वहिनीही त्याचीच लिंक पाठवतात. तुमचा असा हंगामी माल असेल तर एक करा : गूगल ट्रेंड्समध्ये त्याचं नाव टाकून आलेख कधी चढायला लागतो ते बघा आणि पानं त्याच्या दोन-तीन महिने आधी लिहून टाका. नवं पान वर यायला वेळ लागतो, आणि आंबा तोवर थांबत नाही.