भातुकलीचं देणं

माँटेसरी पद्धतीचा अभ्यासक्रम पुरा करून मी सोलापूरला आले, तेव्हा मुलांच्या खेळाबद्दल माझ्या मनात कसलीच शंका नव्हती. दट्ट्यापेटी, मनोरा, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं, बटणं लावणं-काढणं हे शिक्षण. रिकाम्या कपातून फुर्र करून चहा पिणं हा फावल्या वेळचा चाळा. 1907 साली रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह काढलं, तिथल्या मुलांनी खेळणी बाजूला सारून खऱ्या कामाला हात घातला, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हीच पद्धत आपल्या मातीत रुजवताना तिच्यात गोष्टी, गाणी, नाटुकली मिसळली, हेही त्याच वहीत होतं. ते प्रश्नपत्रिकेत आलं नाही, आणि मीही त्याच्या वाटेला गेले नाही.

बालवाडी शहराच्या पूर्व भागात होती. घरोघरी यंत्रमागाची खडखड, आणि उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. मुलांच्या घरी बहुतेक तेलुगू, कुठे कन्नड, कुठे उर्दू. मराठी गल्लीत आली की कानावर पडायची. मी मराठीतून बडबडगीतं शिकवायची आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

माझ्या हाताखाली, म्हणजे कागदावर हाताखाली, एक मदतनीस होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणे. चौथीपर्यंत शिकलेल्या. लग्न झाल्यापासून विड्या वळलेल्या. मुलांना घरून आणायचं, खोली झाडायची, खाऊ वाटायचा, शी-शू बघायची, एवढंच त्यांच्या कामाच्या यादीत होतं. बाहुलीघराचा कोपरा त्या यादीत नव्हता. तो त्यांनी आपणहून मांडला होता: चेपलेली पातेली, एक बाहुली, साडीचा जुना पदर, आणि घरून आणलेलं एक सूप.

त्या सुपावरूनच आमचं पहिल्यांदा वाजलं. मुलं सूप मांडीवर घेऊन करंजाची पानं कापायची, त्यात चिमूटभर माती भरायची आणि मागावरच्या तुटक्या सुताने बांधायची. तेंदूची पानं कापायला घरी पत्र्याचा साचा असतो. त्याची धार लागू नये म्हणून मावशींनी त्याच मापाचा पुठ्ठा कापून दिला होता. मला ते बघवेना. ज्या धंद्यातून या मुलांनी बाहेर पडावं म्हणून बालवाडी काढली, त्याचाच सराव इथे? मी सूप उचलून माळ्यावर टाकलं. मावशी काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी मुलं डब्याचं झाकण मांडीवर घेऊन बसलेली दिसली, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बाई, सूप वर टाकलं तरी विडी घरात हायच की. हितं निदान ती त्यांच्या हातात हाय. बसा जरा खाली. काही करू नका, नुस्तं बघा."

मी बसले ते खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं पटलं म्हणून नाही. वादात हरायला नको म्हणून बसले.

खेळ कारखान्याचा होता. तीन मुली सुपाशी, आणि एक साडेचार-पाच वर्षांचा मुलगा विड्या तपासणारा साहेब. वळलेल्या विड्या कारखान्यात न्यायच्या, साहेबाने एकेक बघायची, सैल, तुटकी, वाकडी बाजूला काढायची. बाजूला काढलेल्याचे पैसे नाहीत. मुलाने हे पाहिलेलं असणार. तो दप्तरावर ऐटीत बसला होता आणि पुढे येईल ती विडी "खराब" म्हणून फेकत होता. सगळ्यांत लहान मुलीच्या साऱ्याच विड्या खराब निघाल्या. तिचा ओठ थरथरायला लागला. खोटं खोटं रडणं कुठे संपतं आणि खरं कुठे सुरू होतं, हे त्या वयात त्यांनाही ठाऊक नसतं. माझा हात पुढे झाला. "तिच्या घे रे" एवढं म्हटलं की मिटलं. मावशींनी डोळ्यांनीच मला थांबवलं.

मोठीने साहेबाला सांगितलं, "घे ना, ती रडतेय." साहेब अडला. त्यालाही घ्यायच्या होत्या, चेहऱ्यावर दिसत होतं. पण तो म्हणाला, "साहेब असा नसतो." मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. अचानक तो दप्तरावरून उठला, दोन पावलं गेला, वळून परत आला आणि बसता बसता म्हणाला, "तो साहेब गेला. आता दुसरा साहेब आला." दुसऱ्या साहेबाने सगळ्या विड्या पास केल्या.

"तिच्या घे रे" म्हणून मी जे केलं असतं त्यात तो मुलगा काय शिकला असता? बाईंचं ऐकायचं, एवढंच. इथे त्याने एकाच वेळी दोन माणसं मनात धरली होती: रडणारी मुलगी, आणि जो कधी पाघळत नाही असा साहेब. दोघांनाही खोटं न पाडता त्याने वाट काढली. असली वाट मला तरी सुचली नसती.

त्याच खेळाने मला दुसरीही गोष्ट सांगितली, आणि तिचं देणं जास्त आहे. बालवाडीचं दार ठरल्या वेळी बंद व्हायचं आणि उशिरा येणाऱ्या आयांना माझी बोलणी बसायची. मुलींच्या खेळात मात्र विड्या देण्यापेक्षा रांगेत उभं राहणंच लांबायचं. "साहेब चहाला गेला," "साहेब आला नाही," असं म्हणत त्या कमरेवर बाहुली घेऊन ताटकळायच्या. मी मावशींना विचारलं, हे खरं असतं का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मग ह्या बाया उशिरा कशापायी येत्यात म्हणताय?" त्यानंतर मी दाराची वेळ सैल केली. आयांची अडचण मला आयांशी बोलून कळायला हवी होती. ती त्यांच्या चार वर्षांच्या लेकींनी दाखवली.

मैत्रीचा धडाही मला त्याच कोपऱ्यात मिळाला. एक मुलगी नवी आली. घरी फक्त तेलुगू. वर्गात तोंडातून शब्द नाही. मी तिला चित्रं दाखवून मराठी नावं शिकवायचा घाट घातला, तशी ती माझ्यापासून आणखीच लांब गेली. बाहुलीघरातल्या मुलींनी तिला आधी "तू नको" म्हटलं. मावशी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "बाळ कोण झालंय गं तुमचं?" बाळ कुणीच झालं नव्हतं. नवी मुलगी बाळ झाली. बाळाला भाषा लागत नाही. ते रडतं, झोपतं, दूध पितं, आणि सगळं घर त्याच्याभोवती फिरतं. दोघी तिला पदरात गुंडाळून थोपटत होत्या आणि ती डोळे घट्ट मिटून अंगाखांद्यावर हात फिरवून घेत होती. काही दिवस ती बाळच राहिली. मग बाळ मोठं झालं, चालायला लागलं, एकदा दुकानात जाऊन आलं. एक दिवस तिने ठणकावलं, "मी अक्का असते. तू बाळ." चित्रांच्या तक्त्याजवळ मात्र ती वर्षअखेरपर्यंत आली नाही.

दुसरी कुणी असती तर त्या मुलींना समोर बसवून "सगळ्यांना खेळायला घ्यावं" असं सांगितलं असतं. मीच सांगितलं असतं. मावशींनी खेळात एक रिकामी जागा दाखवली आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या.

पुढे वाचनात आलेल्या काही नावांनी मला धीर दिला. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी 1933 साली दिलेल्या व्याख्यानात पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींचा दाखला आहे. त्या 'बहीण-बहीण' खेळतात. एरवी बहीण असणं त्यांच्या ध्यानातही नसतं. खेळात मात्र बहीण कशी वागते याचा नियम पाळावा लागतो. म्हणजे कल्पनेचा खेळ मोकाट नसतो, त्याला शिस्त असते. "साहेब असा नसतो" हे वाक्य मला तिथे पुन्हा भेटलं. 1983 साली ऑस्ट्रियात विमर आणि पर्नर यांनी चॉकलेटची जागा बदलण्याचा प्रयोग केला. ठेवणाऱ्याला ते कळलेलं नाही, मग तो कुठे शोधेल, असा प्रश्न. तीन वर्षांची मुलं बहुधा चॉकलेट जिथे आता आहे ती जागा दाखवतात. चारच्या पुढे दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं असू शकतं हे कळू लागतं. बाहुलीघर रंगात येतं तेही याच सुमाराला.

शिकागोच्या व्हिव्हियन पेली यांनी आयुष्यभर बालवर्गात मुलांचे असले खेळ टिपून ठेवले. 'तू आमच्यात नको' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, असा नियम त्यांनी वर्गात करून पाहिला आणि त्यावर 1992 मध्ये पुस्तक लिहिलं. मी ते मावशींना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यात काय, कच्चं लिंबू करायचं." आमच्या गल्ल्यांमधून हा कायदा आधीपासूनच चालत आला आहे: धाकट्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही.

उलट बाजूही मी वाचली आहे. अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले. नाटकी खेळामुळेच मुलांची वाढ होते असं ठामपणे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लिलार्डबाई माँटेसरीच्याही अभ्यासक. माझ्या जुन्या वहीला बरं वाटावं असंच हे. मला त्यांच्याशी वाद घालता येणार नाही. आम्ही काही मोजमाप ठेवलं नव्हतं. माझा कल इतकाच आहे की, खेळापेक्षा खेळ ठरवण्यात मुलांचं जास्त शिकणं होतं. कोण आई, कोण बाळ, आता कोण आजारी पडणार, मी दोनदा बाळ झाले आता तू हो. अर्धा वेळ यातच जातो. कट्टी होते, खेळ मोडतो, आणि खेळ तर हवा असतो, म्हणून कट्टीही मोडावी लागते. मोठ्या माणसाने मध्ये पडून पाच मिनिटांत न्याय दिला की हे सगळं वाया जातं. मी किती वर्षं असा झटपट न्याय देत होते!

निवृत्तीनंतर अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाला मला बोलावतात. पायाभूत स्तराच्या 2022 च्या राष्ट्रीय आराखड्यात खेळाला मानाची जागा आहे, म्हणून आता हे ऐकून घेतलंही जातं, जरी पालकांना तिसऱ्या वर्षीच एबीसीडी हवी असते. तिथे मी जे सांगते त्यातलं माझं थोडं आणि मावशींचं फार. हे मी दर वेळी बोलून दाखवते, पण श्रोते वहीत नाव लिहून घेतात ते व्हिगॉट्स्कीचं.

अलीकडे घराजवळच्या एका अंगणवाडीत बाहुलीघर मांडून द्यायचं ठरलं. सामानाची यादी घेऊन मी आधी मावशींकडे गेले. आता त्यांना कमी दिसतं. मी वाचत गेले, त्या हूं हूं करत होत्या. पातेली, चालतील. ओढणी नको, साडीचा तुकडा ठेवा, तो पाळणाबी होतो आन् भिंतबी. सूप बांबूचंच घ्या. मग मी म्हटलं, बाहुल्या दोन.

"दोन कशाला?"

"भांडणं होतात ना मावशी."

"मग होऊ द्या की. दोन असल्या की दोघी दोन कोपऱ्यात जाऊन बसत्यात. बोलायचं कशावरनं मग?"

मी दोन बाहुल्या आधीच विकत घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत एकच ठेवली आणि दुसरी पिशवीतून परत घरी आणली.