ड्रॉप

एप्रिल 2016. मी नांदेडचा, सीईटीसाठी लातूरला खोली करून राहिलेलो. मांजरा धरण आटलेलं, पाण्यावरून भांडणं नकोत म्हणून कलम 144 लावलेलं. आमच्या गल्लीत टँकर बहुतेक पहाटे यायचा. आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या होत्या. प्यायच्या पाण्याच्या जारचे पैसे माझ्याकडे जमा व्हायचे, कारण मी हिशेबाला पक्का समजला जायचो.

त्याच सुमारास, 29 मार्च ते 3 एप्रिल, अमेरिकेत कोलंबसला काउंटर-स्ट्राइकची मोठी स्पर्धा होती. खेळात रस होताच, पण जीव अडकला होता ड्रॉपमध्ये. आपलं स्टीमचं खातं प्रक्षेपणाला जोडायचं आणि सामना चालू ठेवायचा. मधेच केव्हातरी, बघणाऱ्यांपैकी काहींच्या खात्यात एक पेटी पडायची. 2013 च्या ड्रीमहॅकपासूनची ही पद्धत. पेटीत बंदुकीचं एखादं रंगीत स्किन, त्यावर दोन्ही संघांचे सोनेरी स्टिकर. त्यानं बंदूक काही जास्त मारत नाही. बहुतेक पेट्यांत किरकोळ माल निघतो, पण कोबलस्टोन नकाशाच्या पेटीत ड्रॅगन लोअर निघू शकायची. पुढे 2018 मध्ये अशी एक बंदूक 61 हजार डॉलरच्या वर विकली गेली. आम्हाला तेव्हा हा आकडा माहीत नव्हता, पण स्वप्न त्याच मापाचं होतं.

तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र. जिओ यायला अजून पाच महिने होते, त्यामुळे नेट कॅफे. मालक ओळखीचा, शटर अर्धं ओढून बसू द्यायचा. तासाचे पैसे मी जारच्या पैशांतून दिले. परत टाकू, असं मनाशी ठरवून.

लुमिनॉसिटी आणि लिक्विड यांचा उपांत्य सामना. मिराज नकाशावर लिक्विड जिंकायला एक फेरी कमी, आणि कोल्डझेरानं उड्या मारत स्नायपरनं एकामागून एक माणसं पाडली. पुढे त्या जागी खेळातल्याच भिंतीवर त्याचं चित्र काढलं गेलं. ते मी थेट पाहिलं, असं आजही सांगतो. खरं म्हणजे तेव्हा माझं अर्धं लक्ष खात्यातल्या यादीवर होतं. पेटी पडली नाही.

उजाडताना खोलीवर आलो. पाळी माझी होती.

"कुठं गेलता बे?" रूम पार्टनर दारात बसलेला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. "दोन घागरी भेटल्या. एक तुझी."

जार त्या आठवड्यात आला नाही. दुकानदारानं भाव वाढवला, असं मी सांगितलं. दोघांनी ते मानलं, कारण भाव खरंच वाढत होते. 12 तारखेला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली. सगळं शहर बघायला गेलं, तेही गेले. मी अभ्यासाचं निमित्त काढून खोलीतच थांबलो.

ते पैसे मी नंतरही परत टाकले नाहीत.

परवा नांदेडला बहिणीकडे होतो. भाच्यानं बीजीएमआयचा सामना लावून फोन चार्जरला ठेवलेला, स्वतः दुसऱ्या खोलीत.

"बघत का नाहीस?"

"मामा, बघायचं नसतं. मधेच कोड येतो, तेवढा पकडायचा."

खाली नळाला पाणी आल्याचा आवाज झाला. बहिणीनं त्याला मोटर लावायला हाक मारली. तो फोनकडे बघत घुटमळला. मोटर मी लावली.