कमरेएवढा उजेड

भाच्याने दिवाळीत यामाहाची आर१५ घेतली, निळी. बहिणीने हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि पाच मिनिटांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याच्या मित्रांची सभा भरली. विषय एकच, गाडीचं तोंड. एकाला ते झेपावणाऱ्या घारीसारखं वाटलं. दुसरा उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "जुन्या मॉडेलला खरे दोन डोळे होते. हिचे डोळे नुसते दाखवायचे. दिवा तर नाकात आहे!"

मुलाचं निरीक्षण बरोबर होतं. २००८ च्या पहिल्या आर१५पासून पुढच्या दोन्ही आवृत्त्यांपर्यंत जोडदिवे हीच तिची ओळख होती. २०२१ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत डोळ्यांच्या जागी एलईडीच्या बारीक पट्ट्या आल्या आणि मधल्या खोबणीत एकच प्रोजेक्टर बसला. अप्पर आणि डिप्पर त्याच एका भिंगातून. "मामा, तुम्ही सांगा, कशी दिसते?" भाच्याने विचारलं. मला गाडी मनापासून आवडली होती. पण माझ्या तोंडून प्रश्न निघाला, "रात्री चालवलीस का?"

हा प्रश्न माझ्या वडिलांचा.

आम्ही सासवडचे. वडील हडपसरला कामाला होते आणि दुसऱ्या पाळीनंतर मध्यरात्री दिवे घाटातून राजदूतवर घरी यायचे. त्या गाडीचं तोंड म्हणजे एक गोल दिवा. त्याच्याच डब्यावर स्पीडोमीटर, आणि काचेवर उभ्या खाचा. रविवारी गाडी पुसताना त्या खाचांमधली धूळ काढायचं काम माझ्याकडे. ओलं फडकं बोटाच्या टोकावर गुंडाळून मी एकेक खाच पुसायचो. उजेड डावी-उजवीकडे पसरतो तो त्या खाचांमुळे, हे वडिलांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. वीज सहा व्होल्टची. वळणावर इंजिन मंदावलं की उजेड बसायचा. मग वडील क्लच दाबून मूठ पिळायचे आणि तांबूस उजेड पुन्हा उसळायचा. घाटातला खड्डा, दरीकडचा कठडा, एखादी चुकार म्हैस, सगळं त्या उसळीत बघून घ्यायचं.

पावसाळ्याआधी ते दिव्याचा कोन लावायचे. अंधार पडला की गाडी अंगणाच्या एका टोकाला लावायची आणि दुसऱ्या टोकाला आईने उभं राहायचं. मी लहान, माझ्या उंचीचं माप उपयोगाचं नव्हतं. वडील दिव्याचे दोन्ही बाजूंचे बोल्ट सैल करून तो हाताने इंचभर झुकवायचे आणि विचारायचे, "कुठं येतोय?" आई कमरेशी हात धरून सांगायची, "इथं." तेवढ्यावर बोल्ट आवळले जायचे. "समोरच्याच्या कमरेला उजेड लागला पाहिजे, डोळ्याला नाही," हे वाक्य मी दर वर्षी ऐकलं. ऐकलं, पण तेव्हा नीट कळलं नाही.

२००१ मध्ये पल्सर आली तेव्हा तिचाही दिवा गोलच होता. पुढे त्याभोवती छोटी फेअरिंग आली, वर दोन पायलट लॅम्प आले आणि गाडीला चेहरा आला. नोकरी लागल्यावर मी ती घेतली. २००७ मध्ये पल्सर २२० आली. एका मित्राने ती घेतली तेव्हा आम्ही तिच्यासमोर असेच उकिडवे बसलो होतो. काचेला खाचा नाहीत, आत मोठ्या थेंबासारखं स्वच्छ भिंग. रात्री डांबरावर उजेडाची कड सुरीने कापल्यासारखी पडायची. कडेखाली लख्ख, वर काळोख. ती कड बघून मी वेडा झालो.

२२० घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून माझ्याच गाडीत बाजारातला पांढऱ्याशुभ्र उजेडाचा किट बसवून घेतला. साध्या दिव्याची वाटी हॅलोजनच्या बारीक तारेभोवती आखलेली असते. तार ज्या जागी पेटते तिथून किरण कुठे जायचे हे ठरलेलं असतं. तिथे दुसऱ्याच जातीचा बल्ब बसवला की उजेड वाढतो, पण वाटेल तिकडे फेकला जातो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी खूश होतो.

हंगाम सुरू होता. जेजुरीहून नीरेकडे जाताना समोरून उसाची बैलगाडी आली. माझा उजेड बैलांच्या डोळ्यांत गेला. डावा बैल मान झटकून मागे सरला, जू तिरपं झालं आणि गाडीचं चाक डांबर सोडून साइडपट्टीवर उतरलं. वरची मोळी सरकली. गाडीवान उडी मारून बैलाच्या तोंडाशी गेला, त्याच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला. मी गाडी बंद करून धावलो. तो चिडला नाही. डोळ्यांवर आडवा हात धरून एवढंच म्हणाला, "दिवा खाली घ्या पाव्हणं, बैल बिचकत्यात." आम्ही दोघांनी मिळून चाक वर काढलं. दुसऱ्याच दिवशी मी तो किट उतरवला. आईने अंगणात कमरेशी धरलेला हात मला त्या रात्री आठवला.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनासोबत आपोआप पेटतो. पहिली एक-दोन वर्षं भर उन्हात समोरून येणारे लोक बोटांची उघडझाप करून "दिवा चालू राहिलाय" अशी खूण करायचे. अनोळखी माणसाला बॅटरीची काळजी. मला ती खूण फार आवडायची. दिवा मुळात समोरच्यासाठीही असतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

गाडीचं देखणेपण मला उथळ वाटत नाही. तोंड बघून जीव जडतो म्हणून तर माणूस खाचेखाचेतली धूळ पुसतो. पण चालवणाऱ्याला आपल्या गाडीचं तोंड कधीच दिसत नाही. ते समोरून येणाऱ्याला दिसतं, आणि रात्री त्याला त्यातला फक्त उजेड दिसतो.

म्हणून संध्याकाळी आर१५ कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी केली. "दिवा नाकात" म्हणणारा मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. भाचा सीटवर बसला आणि डिप्पर लावला. उजेडाची कड मुलाच्या शर्टवर आडवी पडली. मी दिव्याचा स्क्रू हळूहळू फिरवला. कड खाली सरकत गेली, पोटावरून पट्ट्याकडे.

"बक्कलवर आला, मामा," भिंतीकडून आवाज आला.

मी स्क्रू ड्रायव्हर ठेवणार, तोच भाचा म्हणाला, "थांबा. मागे कुणी बसलं की मागचा भाग दबेल आणि उजेड वर जाईल ना?" त्याने एका मित्राला मागे बसवलं. कड खरंच छातीपर्यंत चढली.

"अजून खाली घ्या," तो म्हणाला.