मॅकोच्या मुलुखातून

ब्रिजटाऊन, बुधवार

प्रिय दादा,
सा. न.

सुखरूप पोचलो. सोनू हॉटेलात बॅगा टाकून थेट समुद्रावर पळाली आणि मी केन्सिंग्टन ओव्हल गाठलं. बार्बाडोस अख्खं ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षाही लहान. एवढ्याशा जागेतून सोबर्स, हॉल, ग्रिफिथ, गार्नर, ग्रीनिज, हेन्स निघाले. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट तर या मैदानापासून मैलभराच्या आत आणि दीड वर्षाच्या अंतरात जन्मले. पाण्यात काय घालतात कोण जाणे.

दारातच सोबर्सचा पुतळा आहे. रोहननं बजावलं होतं, 'आत्या, रोहितनं गवत खाल्लं ती पिच बघून ये.' सांग त्याला, लांबून बघितली. २९ जून २०२४ ला इथे आपण विश्वचषक जिंकलो हे खरं, पण मला आधी आठवली ती इथलीच १९९७ ची कसोटी. जिंकायला १२० हव्या होत्या आणि आपण ८१ मध्ये गारद. सचिन कप्तान होता. टीव्ही बंद करून तू न जेवता झोपला होतास.

मैदानाच्या एका टोकाला गार्नरचं नाव दिलंय, दुसऱ्याला माल्कम मार्शलचं, म्हणजे मॅकोचं. मी मार्शलच्या टोकाकडे बघत बराच वेळ बसले. १९८३ साली कानपूरला त्याच्या चेंडूवर गावसकरांच्या हातातली बॅट निसटली, तेव्हा आपल्या घरात सुतक होतं. आणि दुसऱ्याच दिवशी मी गावभागातल्या आपल्या बोळात मार्शलसारखी धावत होते. तिरकी धाव, छाती पुढे, त्याच्या सोन्याच्या साखळीऐवजी गळ्यात आईची जुनी काळी पोत. तू मला 'फितूर' ठरवलंस आणि बॅटिंग बंद केलीस. एरवी तरी कुठे देत होतास म्हणा!

तुझी,
बेबी

शुक्रवार, दुपार

दादा,

आज सेंट बार्थोलोम्यू चर्चला जाऊन आले. विमानतळाजवळ आहे, डोक्यावरून विमानं जातात. इथलं वडाप म्हणजे 'झेडआर': पांढरी व्हॅन, तिच्यावर तांबडा पट्टा, आत माणसांवर माणसं आणि गाणी इतकी मोठ्यानं की उतरायचंय हे हातवारे करून सांगावं लागतं.

मार्शल इथे आहे. ४ नोव्हेंबर १९९९ ला कॅन्सरनं गेला, वय ४१. ८१ कसोटींत ३७६ बळी, सरासरी २०.९४. फुलं न्यायची की नाही यावर सकाळी सोनूशी वाद झाला. शेवटी नेली.

तिथे मला १९८४ ची हेडिंग्ले कसोटी आठवली. डावा अंगठा मोडलेला, तरी गोम्सचं शतक पुरं व्हावं म्हणून शेवटी एका हातानं बॅट धरून हा उतरला आणि वर एक चौकारही मारला. मग हाताला प्लॅस्टर असताना ५३ धावांत ७ बळी! ते कात्रण माझ्या भूगोलाच्या वहीत तूच चिकटवलं होतंस. फितुरासाठी खळ तूच शिजवलीस.

संध्याकाळी ऑइस्टिन्सला जायचंय. इथे शुक्रवारी सगळे तिकडेच जातात म्हणे.

बेबी

शनिवार, सकाळी उशिरा

दादा,

पाय सुजलेत. सगळं नीट सांगते.

ऑइस्टिन्स हे कोळ्यांचं गाव. शुक्रवारी रात्री मासळीबाजाराशेजारी टपऱ्या पेटतात आणि निखाऱ्यांवर मार्लिन, ट्यूना भाजत असतात. सोबत मॅकरोनी पाय, आणि एक पिवळी सॉस, मोहरी नि मिरचीची. दिसते आंब्याच्या रसासारखी, पण सांगलीच्या जिभेलाही पाणी पाजते. पैसे देताना पाच डॉलरच्या नोटेवर फ्रँक वॉरेल दिसला. १९६२ साली ब्रिजटाऊनलाच ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला, तेव्हा वॉरेलनं त्यांना रक्त दिलं होतं. असा माणूस सुट्ट्या पैशांत द्यायचा म्हणजे जिवावर आलं. म्हणून एक नोट पाकिटात ठेवून घेतलीय.

स्टेजकडे कानठळ्या बसवणारा सोका चालू होता. सोनू तिथे गडप झाली. पलीकडे बाकड्यांवर डॉमिनो रंगला होता. सोंगटी ठेवत नाहीत, आपटतात. त्याच्याही पुढे एका दारूच्या दुकानासमोर जुनी गाणी लागली होती आणि साठी-सत्तरीची जोडपी वॉल्ट्झ करत होती. इस्त्रीच्या विजारी, बायकांच्या केसांत फुलं, कुणाला घाई नाही. बघत उभी होते तर एक आजोबा पुढे आले. आधी रुमालानं बुटांवरची वाळू झटकली, मग हात पुढे केला.

मला नाच येतो कुठला? शाळेतलं लेझीम आणि गणपतीची मिरवणूक. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, माझे पाय 'चार आवाज'वर घट्ट बसलेले, म्हणून दर वेळी चौथा ठोका त्यांच्या बुटावर. त्यांनी तक्रार केली नाही. 'कुठून आलात?' 'इंडिया.' झालं, 'गावस्कार!' म्हणत माझी एक गिरकीच घेतली.

१९७१ ला ते शाळा बुडवून ओव्हलवर गेले होते. सोबर्सच्या नाबाद १७८ बद्दल त्यांना फारसं बोलायचं नव्हतं, ते घरचंच. एकवीस वर्षांच्या गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७ काढल्या, त्याबद्दल बोलायचं होतं. त्याआधीचे सरदेसाईंचे दीडशेही ठाऊक. सरदेसाई मडगावचे, हे मी सांगितलं. त्या मालिकेत गावसकरांच्या ७७४ झाल्यावर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरनं त्यांच्यावर कॅलिप्सो रचला. तो आजोबांना अजून पाठ आहे आणि तो पुरा म्हणेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

मला मार्शलबद्दल ऐकायचं होतं. ते 'मॅको, येस, येस' म्हणायचे आणि पुन्हा गावसकरांचा स्ट्रेट ड्राइव्ह मनगटानं दाखवायचे. दोघांनाही दुसऱ्याच्याच घरचं हवं होतं! शेवटी मी सौदा केला: गावसकरांची एक गोष्ट माझी, मार्शलची एक तुमची. तर १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मार्शलचा झेल गावसकरांनी घेतला होता, हे मी काढलं. ते नाचता नाचता थांबले. म्हणाले, 'तो दिवस आपण सोडून देऊ.'

मग मी त्यांना मार्शलची धाव करून दाखवली. टेबलं सरकवून जागा केली लोकांनी. साडीत नव्हते हे नशीब. डॉमिनोवाल्यांपैकी एकानं लगेच चूक काढली: डावा हात अजून वर हवा. दुसऱ्या फेरीत तो वर गेला तेव्हा त्यांनी सोंगट्या आपटून दाद दिली. सोनूकडे व्हिडिओ आहे. आईला दाखवलास तरी चालेल, वहिनींना मी आल्यावर दाखवते.

उद्या अँटिग्वा. रिचर्ड्सबद्दल आपलं दोघांचं भांडण कधीच नव्हतं, तेव्हा ते पत्र लांबलचक होईल. भडंग संपलंय, सोनूनं विमानातच फस्त केलं.

तुझी,
बेबी